ताई म्हटलं की चौघी वळतात

कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानावर साधनाने पहिल्या आठवड्यात खेळता खेळता तोंड उघडलं ते एकदाच, आणि त्या एका शब्दाने अंजूच्या नाकाचा घोळणा फुटला.

झालं ते असं. संध्याकाळचा सराव चालू होता. चेंडू साधनाच्या हातात, समोर दुसऱ्या फळीतल्या दोन मुली हात पसरून उभ्या, आणि डाव्या अंगाला कप्तान शीला अगदी मोकळी. साधनाने चेंडू टाकता टाकता हाक मारली, "ताई!" आता मुख्य पाचात साधना सोडली तर चौघी जणी, चौघीही तिच्याहून मोठ्या, म्हणजे चौघीही ताई. चौघींनीही ती हाक आपलीच समजली. शीला पुढे पळाली, सलोनी मागे आली, दुर्गा जागच्या जागी थबकली, आणि अंजू "काय वं?" म्हणत मध्ये आली ती नेमकी चेंडूच्या वाटेत.

प्रशिक्षक रामधन सरांनी शिट्टी फुंकली. "अवं साधना, कोणत्या ताईले बोलावलं तू? इथं ताईचा बजार भरला हाये. नावानं बोलाव ना!"

साधना "हो सर" म्हणाली, आणि त्या दिवसापासून मैदानावर मूग गिळून बसली. सरांनी सांगितलेली तेवढी एक गोष्ट सोडून ती पोरगी काहीही करायला तयार होती.

खरं म्हणजे तिचा हात असा होता की जिभेची उणीव कोणी मोजली नसती. राजूरला कोळसा खाणीच्या वसाहतीत सिमेंटचं एक जुनं मैदान आहे, रिंगला जाळी नाही, फळीवर कोळशाची काळी भुकटी. खाणीतली पहिली पाळी सुटली की कामगार तिथे खेळायला उतरत. साधनाचे बाबा भीमराज खाणीत पंपावर आहेत, तेही त्यात. सात-आठ वर्षांची साधना त्यांच्या मागे मागे यायची. रिंगखाली धिप्पाड गडी एकमेकांना रेटत असायचे. तिथे शिरली असती तर चिरडून गेली असती. म्हणून ती लांबूनच नेम धरायला शिकली. दहावीपर्यंत तिचा नेम असा बसला की तीन गुणांच्या रेघेबाहेरून दहा मारले तर सात आत. यवतमाळच्या कॉलेजने तिला खेळाच्या जागेवर प्रवेश दिला, तो या हाताच्या जोरावर.

त्या वसाहतीत तिला सगळे साधनाताई म्हणत. नाक वाहत होतं तेव्हापासून साधनाताई. एका बिहारी कामगाराला तर तेच तिचं पूर्ण नाव वाटायचं. "साधनाताई बेटा, इधर डाल," असं तो ओरडायचा. ही सगळी करणी तिच्या आजोबांची. ते म्हणजे उकंडाजी.

उकंडाजींच्या आईची लेकरं जगत नव्हती. म्हणून हे जन्मले तेव्हा सुईणीने त्यांना उकिरड्यावर ठेवून उचललं आणि दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं उकंडा. नाव लागू पडलं, गडी ऐंशीच्या पुढे गेला तरी ठणठणीत आहे. पण गावात त्यांना सगळे म्हणायचे उकंड्या. म्हातारे म्हणायचे, तसे काल जन्मलेली पोरंही म्हणायची. छप्पन्न साली गावातल्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली तेव्हा उकंडाजी सोळा-सतरा वर्षांचे होते. बऱ्याच जणांनी नवी नावं घेतली. यांनाही कोणी कोणी सुचवलं. ते म्हणाले, "नाव मायनं ठेवलं, ते राहीन. मी नाव नाही बदलत. लोकायले हाक बदलाले लावतो." पुढे ते राजूरच्या चुनाभट्टीवर कामाला आले आणि पहिल्या दिवशी मुकादमाला नाव सांगितलं, उकंडाजी. मुकादम हसला. हे हसले नाहीत. उकंड्या म्हटलं की त्यांना ऐकूच येत नसे, पगाराची हाक असली तरी. शेवटी मुकादमाची जीभ वळली.

तेव्हापासून त्यांच्या घरात कायदा असा की कोणाचं नाव तोडायचं नाही. लेकाला भीमराजजी, सुनेला सुनबाई, नातीला साधनाताई. गल्लीत मोती नावाचं कुत्रं होतं, त्यालाही उकंडाजी मोतीराव म्हणत. लोक गालात हसायचे, पण त्यांच्यासमोर नाही.

अशा घरातली पोरगी यवतमाळला आली, आणि पहिल्याच दिवशी शीलाने तिला विचारलं, "नाव काय तुहं?"

"साधना."

"बरं सादे, बॅग तिकडं ठेव अन् पयले चार चक्कर मार."

साधनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अठरा वर्षांत तिला कोणी सादे म्हटलं नव्हतं. तिने चकरा मारल्या त्या रागारागाने, आणि शीलाला वाटलं, पोट्टीच्या पायात भल्ला दम हाये.

शीला होती महागावकडची. घरी कापूस, सोयाबीन, तूर, चांगलं बारमाही वावर. एम.ए.चं शेवटचं वर्ष, संघात पाचवं. तिच्या अंगाला गुडघ्यापासून कोपरापर्यंत ओरखडे असत आणि आवाज असा की मैदानाबाहेरच्या रस्त्यावरचा ऑटोवाला थांबून पाहायचा. तिने संघातल्या कोणाचंच नाव धड ठेवलं नव्हतं. अंजूची अंजे, दुर्गाची दुर्गे, सलोनीची तर नुसती सले. त्याही तिला शिले म्हणत. शीला ज्याला पूर्ण नावाने बोलावते त्याच्यावर तिचा राग असतो, हे त्या तिघींना ठाऊक होतं. पण ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात त्या नव्या माणसाला कोणी सांगत नाही, हीच तर जगाची गंमत आहे.

मग सुरू झाला उलटा कारभार. शीला जेवढं सादे सादे करी, तेवढी साधना जास्त अदबीने बोले. "शीलाताई, तुम्ही पाणी घेता का?" "शीलाताई, तुमचा रुमाल पडला." शीला अंजूला म्हणाली, "हे पोट्टी आपल्याले सासू समजते काय वं? मी काय म्हातारी झाली?" एकीला वाटे, ही मला पायाशी बसवते. दुसरीला वाटे, ही माझ्याजवळ बसायलाच तयार नाही. दोघींचंही मन खट्टू, आणि दोघीही भल्या घरच्या, म्हणून भांडत नव्हत्या.

मैदानावर मात्र लपवाछपवी चालत नाही. बास्केटबॉल हा खेळ हातांनी खेळतात असं बघणाऱ्याला वाटतं, पण तो निम्मा तोंडाने खेळतात. मागून कोण येतं, कोण मोकळं आहे, हे ओरडून सांगावं लागतं. साधना मोकळी असे आणि उभीच राही. शीलाताई म्हणेपर्यंत वेळ निघून जाई, नुसतं ताई म्हणायची चोरी, आणि शिले म्हणायला जीभ रेटत नव्हती. ज्या घरात कुत्र्यालाही राव लावतात तिथल्या पोरीने चार-पाच वर्षांनी मोठ्या बाईला शिले म्हणायचं कसं?

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या आणि एका संध्याकाळी ठिणगी पडली. साधना तिसऱ्यांदा मोकळी असून गप्प राहिली. शीलाने चेंडू गमावला आणि वळून ओरडली, "सादे, तोंडात बोर धरलं काय वं? बोंबल ना!"

साधनाने पायाशी आलेला चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि जमिनीवर आपटला. "मले सादे म्हणू नका. मी तुमच्या वावरात निंदाले नाही आली."

अंजूने खाली पाहिलं. शीलाचं तोंड आधी लाल झालं, मग उतरलं. निंदण करणाऱ्या बायांना घरी कशा हाका मारल्या जातात हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्यातल्या काही तिच्या आजीच्या वयाच्या होत्या, आणि आपणही लहानपणी त्यांना तशाच हाका मारल्या, हे तिला त्या क्षणी आठवलं, असं पुढे तिनेच साधनाला सांगितलं. तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "बरं. चुकलं माहं."

दुसऱ्या दिवशी सरावाला शीला म्हणाली, "साधनाजी, चेंडू द्या."

सलोनी फिसकन हसली. शीला हसली नाही. ती खरोखरच मनापासून जी म्हणत होती, आणि तेच जास्त वाईट होतं. "साधनाजी, उजवीकडे या." "साधनाजी, थांबा." बाकीच्याही तसंच बोलू लागल्या. खेळ इतका सभ्य झाला की कोणाचा कोणाला धक्का लागेना आणि कोणाचा कोणाला पासही जाईना. सराव संपला की चौघी घोळक्याने चहाच्या टपरीवर जात. आधी "चाल वं सादे" म्हणून ओढत न्यायच्या. आता विचारत, "साधनाजी, तुम्ही येता?" असं विचारल्यावर कोण हो म्हणणार? साधनाला हवा होता तो मान मिळाला होता, आणि तो घेऊन ती एकटीच होस्टेलवर जात होती. रडूही यायचं आणि कोणाला काय सांगावं हेही कळायचं नाही.

शेवटी रामधन सरांनी तिला बाजूला घेतलं. "घरी जाऊन ये एकदा. सामन्यात बोलली त खेळशील, नाही त बाकावर बसशील. मुक्या पोट्टीले मी उतरवत नाही बाप्पा. एकीचं नाक झालं, आता दुसरीचे डोळे फुटतीन."

साधना राजूरला गेली ती मनाशी ठरवूनच, की आबाजी आपली बाजू घेतील. उकंडाजी अंगणात ऊन पाण्यात पाय सोडून बसले होते. तिने सगळं सांगितलं. वावराचं वाक्य आलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "बरं केलं," ते म्हणाले. साधनाचा जीव भांड्यात पडला. पण म्हातारा वकिलाच्या वरचा. त्यांनी विचारलं, "ते पोट्टी बाकीच्यायले कशी बोलावते?"

"अंजे, दुर्गे, सले."

"अन् त्या तिले?"

"शिले."

"अन् तू?"

"शीलाताई. तुम्ही."

"तू शिले म्हन्लं त काय करीन ते?"

"काय माहीत. म्हणून नाही पाह्यलं."

उकंडाजींनी एक पाय पाण्यातून काढला, पुसला, दुसरा काढला, पुसला. मग म्हणाले, "पाटलाचा विठ्ठल अन् मी, एका वयाचे. संगच गोट्या खेळो. तो मले उकंड्या म्हने, मी त्याले विठ्ठलराव. एक दिवस खेळाच्या भरात माह्या तोंडातून निंगून गेलं, इठ्या. त्याचा काका ओट्यावर बसला होता. त्यानं काठी फेकून मारली." त्यांनी भुवईवरचा पांढरा वण दाखवला. साधनाने तो वण जन्मभर पाहिला होता, चुनाभट्टीत लागलं असेल असं समजत आली होती.

"मंग विठ्ठलनं काय केलं?"

"हासला. काका मारून राह्यला होता, अन् तो हासून राह्यला होता. तवा मले समजलं, मी खेळात नव्हतोच." ते साधनाकडे वळले. "मी हाक मारून पाह्यली, मले उत्तर भेटलं. तू त मारलीच नाही. उत्तर ऐकाच्या आंधीच कायले रागावते?"

"अन् तिनंबी तसंच केलं त?"

"त मंग बॅग उचल अन् घरी ये. त्या मैदानावर एक घडी थांबू नको." आणि पायात चपला सरकवत म्हणाले, "सामन्याले मी येतो. भीमराजजीले सांग सुट्टी टाकाले."

सामना कॉलेजच्याच मैदानावर होता, अमरावतीकडच्या एका उंच उंच मुलींच्या संघाशी. पायऱ्यांवर उकंडाजी पांढरं धोतर आणि टोपी घालून बसले होते, शेजारी भीमराज. साधना बाकावर होती, तिच्या जागी सरांनी दुसऱ्या फळीतली एक मुलगी उतरवली होती. समोरच्या मुली एकमेकींना खुणा करत, ओरडत, भराभर गुण काढत होत्या. इकडे सगळा भार शीलावर. तिसऱ्या डावात यवतमाळच्या मुली नऊ गुणांनी मागे असताना दुर्गाचे पाच फाऊल झाले आणि ती बाहेर आली.

रामधन सर साधनाकडे वळले. "बोलशील?"

साधनाने मान हलवली.

"मान नोको हालवू. तोंड हालव."

"हो सर."

ती आत गेली. आत गेल्यावर शीला म्हणाली, "साधनाजी, तुम्ही रेघेवर राहा," आणि साधना रेघेवर जाऊन उभी राहिली. दोन-तीन चाली तशाच गेल्या. मग शीला चेंडू घेऊन कोपऱ्यात शिरली आणि दोन उंच मुलींनी तिला घेरलं. शीलाची पाठ मैदानाकडे, पुढे वाट नाही. मागे, रेघेबाहेर, साधना एकटी. तिच्या जवळपास चिटपाखरू नव्हतं, आणि ती तिथे आहे हे शीलाला दिसण्याचा काही मार्ग नव्हता.

साधनाने डोळे मिटले आणि सगळ्या छातीने ओरडली, "शिले!"

पायऱ्यांवर उकंडाजींनी भीमराजचं मनगट घट्ट धरलं.

शीलाने वळून पाहिलंही नाही. आवाज आला त्या दिशेला तिने खांद्यावरून चेंडू मागे फेकला, आणि तो साधनाच्या पोटावर येऊन आदळला. आणि ती साधना, जी दहापैकी सात मारत होती, तिने असा काही नेम मारला की चेंडू रिंगला न लागता, फळीला न लागता थेट बाहेर गेला. लागणार कसा? तिचे हात चेंडूवर होते आणि कान शीलाकडे. आता काय ऐकायला मिळतं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शीला कोपऱ्यातून धावत आली. डोळे मोठे, दम लागलेला. "सादे, भवाने! हाक एवढी मोठी अन् नेम असा?" आणि दुसऱ्याच क्षणी तिने जीभ चावली. "म्हणजे… साधनाजी…"

"सादेच म्हण," साधना म्हणाली. "अन् चेंडू दे पुन्हा."

म्हण, म्हणा नव्हे. दे, द्या नव्हे. शीलाला ते बरोब्बर ऐकू आलं. तिने साधनाच्या पाठीत एक असा धपाटा घातला की पंचाने दोघींकडे संशयाने पाहिलं. मग जी बोंबाबोंब सुरू झाली ती सामना संपेपर्यंत थांबली नाही. शिले मागे, सादे मार, अंजे इकडं, सले धर तिले! ज्या पोरीला महिनाभर वाचा नव्हती तिचा आवाज शीलाच्याही वर जाऊ लागला. तिचे पुढचे चार नेम लागले, पाचवा चुकला, तर अंजूने नाव घेऊन शिव्या घातल्या आणि साधनाने हसत त्या घेतल्या. सामना यवतमाळने चार गुणांनी जिंकला. रामधन सर त्याचं श्रेय अजूनही स्वतःच्या शिट्टीला देतात, आणि कोणी त्यांना अडवत नाही.

घामाने निथळणाऱ्या पाचही जणी पायऱ्यांकडे आल्या. साधना म्हणाली, "हे आमचे आबाजी." चौघींनी नमस्कार केला. उकंडाजींनी तो घेतला, आणि मग बराच वेळ एकट्या शीलाकडे बघत राहिले. शीला अवघडली. वावराचं वाक्य यांच्या घरातूनच आलंय हे तिला कळत होतं, आणि आता आपल्याला काय ऐकावं लागतं म्हणून ती हात बांधून उभी होती.

"शिले," उकंडाजी म्हणाले.

साधनाने चमकून आजोबांकडे पाहिलं. भीमराजनेही. आबाजींनी कोणाला नाव तोडून हाक मारलेली त्या बापलेकींनी आयुष्यात ऐकली नव्हती.

"शिले, पानी आन वं माय. वरडून वरडून घसा सुकला माहा."

"आन्लं आबाजी, आन्लं!" शीला पळाली. अर्ध्या वाटेत आपली बाटली गरम झालीय हे तिच्या लक्षात आलं, ती तिथेच टाकून ऑफिसातल्या माठाकडे धावली आणि काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून जपत जपत, लगबगीने परत आली. उकंडाजी सावकाश प्यायले. पेला रिकामा झाला तसा तिच्याकडे धरला.

"आखीन आन."

साधना उठायला लागली. उकंडाजींनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं, आणि शीला पुन्हा पळाली.